स्पीकरवर सांगितलंय म्हणजे

बस स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंना खरं नाव होतं, पण ते हजेरीपुरतं. बाकी सगळं जग त्यांना चौकशीबाई म्हणायचं. नवरासुद्धा चिडला की म्हणायचा, "चौकशीबाई, आज भाजीत मीठ विसरलात." तरुणपणी त्या या खिडकीत येऊन बसल्या आणि आता गुडघे कुरकुरायला लागले, तरी खिडकी तीच, खुर्ची तीच आणि समोरचा माईकही जवळजवळ तोच. माईकच्या गळ्याला चिकटपट्टीचे इतके वेढे बसले होते, की तो मफलर गुंडाळलेल्या सर्दीच्या पेशंटसारखा दिसायचा.

आवाज म्हणाल तर गोड नव्हता. गोड आवाजाच्या मुली अधूनमधून यायच्या आणि बदली करून घेऊन जायच्या. बाईंचा आवाज सपाट आणि कोरडा होता, पण त्या आवाजावर अख्ख्या स्टँडचा भरवसा. गाडी रद्द झाल्याचं ड्रायव्हरनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तरी माणसं जागची हलायची नाहीत. "बाईंनी कुठं पुकारलंय अजून?" म्हणून गाठोड्यावर बसून राहायची.

हा भरवसा काही आयता मिळालेला नव्हता. नोकरी नवी असताना एका ड्रायव्हरनं येऊन सांगितलं, की नदीवरचा पूल खचला. बाईंनी लगेच पुकारून टाकलं. माणसं पोराबाळांसकट स्टँडवर अडकून पडली, एक बाई आजारी भावाला भेटायला निघाली होती ती रडून रडून थकली, आणि पूल आपला ठणठणीत. त्या दिवशी त्या ड्रायव्हरला गाडी न्यायचा कंटाळा आला होता, एवढंच. साहेबांनी बाईंना सगळ्यांसमोर झाडलं. बाईंनी तेव्हापासून कानाला खडा लावला.

मग त्यांनी स्वतःपुरती एक पद्धत बसवली. एकाच्या सांगण्यावर काही पुकारायचं नाही. दोन ड्रायव्हर हवेत, दोघं वेगवेगळ्या रस्त्यांनी आलेले हवेत, आणि दोघांना वेगवेगळं विचारायचं. पण सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे प्रश्नात उत्तर घालायचं नाही. "रस्ता बंद आहे का हो?" असं विचारलं की दमलेला माणूस "हो" म्हणून मोकळा होतो. म्हणून बाई फक्त विचारायच्या, "काय म्हणतोय रस्ता?" आणि गप्प बसायच्या. एकदा एकानं खिडकीशी येऊन, डोळे विस्फारून, रस्त्यावर लांडगा पाहिल्याचं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. थोड्या वेळानं दुसरा आला, त्याला विचारलं, काय म्हणतोय रस्ता? तो म्हणाला, "काही नाही बाई, एक लंगडं कुत्रं आडवं आलं." लांडग्याची बातमी खिडकीतच मेली आणि पहिल्या ड्रायव्हरला पुढं कित्येक दिवस लोक लांडगेसाहेब म्हणत होते.

तर अशा या बाई. त्यांच्या हातून पुढं जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं, तर मी ते सांगायलाही बसलो नसतो.

त्या आठवड्यात सगळ्या गावाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ज्याच्या त्याच्या फोनवर एकच निरोप फिरत होता. पोरं पळवणारी टोळी बसनं हिंडते आहे. आजोबांसारखा दिसणारा वयस्कर माणूस असतो, म्हणजे संशय येत नाही. जवळ पिशवी असते, पिशवीत गुंगीच्या गोळ्या. सोबतचं मूल आईसाठी रडत असतं. सावध राहा, आणि हा निरोप आपल्या सगळ्या माणसांना पाठवा. निरोपाखाली एका लहान मुलीचा रडतानाचा व्हिडिओ होता. ती कुठली, कधीची, कशासाठी रडत होती, कुणी विचारलं नाही. रडणारं मूल बघितल्यावर माणसाला प्रश्न सुचत नाहीत.

चौकशीबाईंच्या घरी तो निरोप लेकीच्या फोनवरून आला. लेक नोकरी करायची, म्हणून तिचा मुलगा आजीआजोबांकडेच वाढत होता. बाईंचा जीव की प्राण. नवरा शिंपी, घरातच मशीन. निरोप आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं मशीन खिडकीपाशी होतं ते ओढत नेऊन दाराला आडवं लावलं आणि तिथंच शिवत बसला.

"अहो, उजेड नाही तिथं. डोळे फोडून घ्याल," बाई म्हणाल्या.

"उजेड नसला तरी चालेल. माझ्या अंगावरून गेल्याशिवाय कुणी आत येत नाही."

म्हातारा काडीपैलवान, फुंकर मारली तर उडेल, पण बाईंना हसू आलं नाही. कारण दाराची कडी लावल्यावर त्या स्वतः तीनतीनदा ओढून बघत होत्या. नातवाला अंगणात जायला बंदी झाली. तो दिवसभर घरात कोंडलेला, मोरीतसुद्धा एकटा जायला घाबरायचा.

"आजी, तो म्हातारा माझं नाव विचारतो का?" त्यानं एकदा विचारलं.

"कुणी येत नाही रे राजा," बाई म्हणाल्या. पण म्हणताना त्यांची नजर कडीवरच होती, आणि पोरांना असलं बरोबर दिसतं.

मग लेक सांगत आली, की पलीकडच्या गल्लीत भंगार गोळा करणाऱ्या एका बाईला लोकांनी पकडून चोप दिला. "पुढं काय झालं तिचं?" बाईंनी विचारलं. लेकीला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. चौकात पोरं काठ्या घेऊन बसायला लागली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला निरखून बघत होती. बाई कामावर जाताना त्यांच्यासमोरून जायच्या, ती पोरं ओळखीची होती, "ताई, तुम्ही बिनघोर जा" म्हणायची, तरी त्या पावलं झपाझप उचलायच्या. भीती नक्की चोराची होती की काठ्यांची, हे त्यांना तेव्हा सांगता आलं नसतं.

त्या दिवशी सकाळी नातवानं त्यांचा पदर सोडला नाही. बोटं एकेक करून सोडवावी लागली. तसाच जड जीव घेऊन त्या स्टँडवर आल्या, डब्याची पिशवी नेहमीसारखी समोरच्या खिळ्याला अडकवली, आणि बाहेर बघितलं. एरवी फलाटावर पोरं उंडारत असतात. आज प्रत्येक आईनं आपलं पोर मनगटाला धरून ठेवलं होतं. बाईंना राहवेना. त्यांनी फोन उचलला आणि पलीकडच्या स्टँडवर लावला.

तिथल्या चौकशीच्या खिडकीत खोकलेमामा बसायचे. बोलण्याआधी घसा साफ करायची सवय, म्हणून खोकलेमामा. त्यांची आणि बाईंची इतक्या वर्षांची ओळख फोनवरचीच.

"मामा, ते पोरं पळवणाऱ्यांचं काही कानावर आलंय का तुमच्या?"

मामा खोकले. "इथं काही नाही बुवा. नुसते फोनवरचे निरोप."

इथं बाईंनी फोन ठेवायला हवा होता. एरवी ठेवला असता. पण भ्यालेल्या माणसाला "नाही" हे उत्तर पुरत नाही, त्याला "हो" ऐकल्याशिवाय चैन पडत नाही.

"नाही म्हणजे बघा ना नीट," बाई म्हणाल्या. "म्हातारा माणूस असेल, बरोबर रडणारी मुलगी, हातात पिशवी… निळीबिळी. असा कुणी दिसला का, ड्रायव्हरांना विचारा की जरा."

"विचारतो, विचारतो," मामा म्हणाले आणि खोकले.

दुपार व्हायच्या सुमारास डोंगरवाटेची गाडी आली. जाडजूड मिशांचा ड्रायव्हर खिडकीशी आला. बाईंनी नेहमीच्या रिवाजानं विचारलं, "काय म्हणतोय रस्ता?"

"रस्त्याचं सोडा बाई, पोरं सांभाळा." त्यानं आवाज खाली आणला. "ते खरं आहे. म्हातारा आहे, बरोबर पोरगी असते. निळी पिशवी असते त्याच्याकडं."

बाईंना सकाळी पदर न सोडणारा नातू आठवला. तरी त्या गप्प बसल्या. एकाच्या सांगण्यावर काही पुकारायचं नाही. त्या माईककडे न बघता दुसऱ्या गाडीची वाट बघत राहिल्या, आणि त्यांचं सगळं लक्ष घरी, दाराला आडव्या लावलेल्या मशीनपाशी होतं. मग नदीकाठची गाडी आली. तिचा ड्रायव्हर अबोल, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारा. बाईंनी विचारलं, काय म्हणतोय रस्ता?

"रस्ता बरा आहे," तो म्हणाला, आणि जाता जाता मागं वळला. "निळ्या पिशवीवाल्या म्हाताऱ्यावर नजर ठेवा म्हणे."

झालं. दोन ड्रायव्हर, दोन रस्ते, दोघांना वेगवेगळं विचारलेलं. पद्धतीत कुठं खोट नव्हती. डोंगरवाट आणि नदीकाठ हे रस्ते वेगळे खरे, पण दोन्ही गाड्या सुटतात खोकलेमामांच्या स्टँडवरून, हे बाईंना पाठ होतं. त्या दिवशी तेवढं आठवलं नाही. त्यांनी माईकचं बटण दाबलं.

"प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी. लहान मुलांना पळवणारी व्यक्ती बसनं प्रवास करत असल्याची माहिती आहे. व्यक्ती वयस्कर असून जवळ निळी पिशवी आहे, सोबत लहान मुलगी आहे. प्रवाशांनी आपापल्या मुलांची काळजी घ्यावी."

तोच सपाट, कोरडा आवाज. फोनवरचा निरोप वाचून ज्यांनी खांदे उडवले होते, त्यांनीही आता पोरांना पोटाशी घेतलं. इतके दिवस ती अफवा होती. आता ती चौकशीबाईंनी पुकारली होती. फलाटावरची सगळी कुजबूज एकदम थांबली आणि माणसं एकमेकांच्या हातातल्या पिशव्यांकडे बघायला लागली.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून आधी खोकला आला.

"बाई, मिळाला का हो तुमचा निळ्या पिशवीवाला? सकाळी तुमचा फोन आला तेव्हापासून इथून सुटणाऱ्या एकेका ड्रायव्हरला बजावून पाठवतोय मी. म्हटलं, बाई विचारतायत म्हणजे काहीतरी असणारच."

"निळी पिशवी कुणी सांगितली तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"कुणी म्हणजे? तुम्हीच की."

बाईंनी फोन कानाला तसाच धरून डोळे वर केले. समोर खिळ्याला त्यांची डब्याची पिशवी लटकत होती. गणवेशाच्या उरलेल्या कापडाची, नवऱ्यानं शिवलेली. निळी. सकाळी मामांशी बोलताना त्यांची नजर तिच्यावर होती. फोनवरच्या निरोपात पिशवी होती, पण रंग नव्हता. रंग त्यांनी दिला होता. तो पलीकडच्या स्टँडवर गेला, दोन ड्रायव्हरांच्या तोंडून दोन रस्त्यांनी परत आला, आणि त्यांनी तो खरा म्हणून पुकारला. प्रश्नात उत्तर त्यांनीच घातलं होतं.

फोन ठेवायचंही सुचेना. आणि त्याच वेळी फलाटाच्या टोकाकडून आरडाओरडा ऐकू आला.

"धरा! धरा त्याला! हाच तो!"

खिडकीतून आधी फक्त पाठी दिसत होत्या. पाठींमागं आणखी पाठी. चहाच्या टपरीवरचे उठले, तिकिटाच्या रांगेतले गेले, गाड्यांतून माणसं खिडक्यांवाटे डोकी काढून विचारायला लागली आणि मग उतरून धावली. मध्येच क्षणभर गर्दी फाटली आणि बाईंना तो दिसला. बारकासा म्हातारा, सदऱ्याची बाही खांद्यातून उसवलेली. एका हातानं त्यानं एका मुलीला छातीशी दाबून धरलं होतं, दुसरा हात डोक्यावर. पिशवी कुणाच्या तरी पायाखाली पडली होती. मुलगी "आई, आई" करून किंचाळत होती, आणि ती जेवढी किंचाळत होती तेवढी गर्दीची खात्री पटत होती.

"पोरगी सोड आधी!"

"माझी नात आहे हो, माझी नात…"

"आजोबा म्हणूनच फिरतात हे! स्पीकरवर सांगितलं ना आत्ता!"

कुणीतरी मुलीचा हात धरून ओढत होतं. म्हातारा सोडत नव्हता. पहिली चपराक बसली तिचा आवाज बाईंच्या केबिनपर्यंत आला.

स्टँडवरचा पोलीस सकाळीच कुठल्याशा बंदोबस्तावर गेलेला. साहेब रजेवर. बाईंनी बटण दाबलं.

"प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी. आधी दिलेली सूचना चुकीची आहे. असा कोणताही माणूस नाही. माहिती चुकून दिली गेली. त्या गृहस्थांना सोडून द्यावं."

काही डोकी वर स्पीकरकडे वळली. बाईंच्या मनात आशा आली. मग एक जण ओरडला, "बाईंचा आवाज का असा येतोय?"

खरंच आवाज त्यांचा वाटत नव्हता. इतक्या वर्षांत तो कधी कापला नव्हता, आज कापत होता. खरं सांगताना कापत होता.

"दबाव आणलाय बाईंवर! आत टोळीतलं कुणीतरी असणार!"

"असं लगेच कसं चुकीचं झालं? मघाशी तर सांगितलं!"

गर्दीतली काही माणसं केबिनकडे धावली. एकानं काचेवर हात आपटून आत डोकावलं. "बाई, घाबरू नका! कोण आहे आत?"

"कुणी नाही हो! मी खरं सांगतेय, तो म्हातारा निर्दोष आहे!"

तो माणूस बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावर भीती स्पष्ट दिसत होती, आणि त्यानं तिचा अर्थ लावला तो त्याच्या सोयीचा. "बघा, बोबडी वळलीय बिचारीची," तो मागच्यांना म्हणाला. तिकडं म्हातारा गुडघ्यांवर आला होता. कुणीतरी पायातला बूट काढून हातात घेतला.

आता मरतो हा माणूस. माझ्यामुळं मरतो. आणि खरं कितीही ओरडून सांगितलं तरी यांना ते पटणार नाही. मग त्यांनी असं काही केलं, जे पुलाच्या प्रकरणानंतर आयुष्यात कधी केलं नव्हतं. डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला, आवाज नेहमीसारखा सपाट केला, आणि बटण दाबलं.

"डोंगरवाटेकडे जाणारी गाडी फलाट एकवरून सुटत आहे. यानंतर संध्याकाळपर्यंत त्या बाजूला गाडी नाही. नदीकाठची गाडी फलाट दोनवरून सुटत आहे. नदीकाठची संध्याकाळची गाडी आज रद्द आहे. प्रवाशांनी त्वरित आपापल्या जागा घ्याव्यात."

सगळं खोटं. दोन्ही गाड्यांचे ड्रायव्हर डबे उघडून जेवायला बसले होते.

पण ही खोटी बातमी कुणी पारखली नाही. बूट हातात घेतलेल्या माणसानं क्षणभर म्हाताऱ्याकडे बघितलं, क्षणभर फलाटाकडे, आणि बूट हातात तसाच धरून गाडीकडे पळत सुटला. त्याच्यामागं बाया, गाठोडी, पोरं. "अगं, चल लवकर, संध्याकाळपर्यंत गाडी नाही!" मघाशी न्याय करायला निघालेली माणसं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला लागली. केबिनच्या काचेवरचा माणूसही गायब झाला. बाई पुकारतच राहिल्या, जिथं तिथं जाणाऱ्या गाड्या त्यांनी सोडल्या, होत्या नव्हत्या तेवढ्या.

त्यावरून पुढं चौकशी झाली, तीही सांगून टाकतो. चुकीच्या गाड्या पुकारून प्रवाशांना मनस्ताप दिला म्हणून ढीगभर तक्रारी आल्या आणि बाईंची पगारवाढ रोखली गेली. पहिल्या सूचनेबद्दल मात्र एकही तक्रार आली नाही. उलट दोघाचौघांनी साहेबांना मुद्दाम भेटून सांगितलं, की बाईंनी वेळेवर सावध केलं म्हणून आमची मुलं वाचली.

फलाटावर आता म्हातारा, मुलगी आणि हमाल एवढेच उरले होते. हमाल हाडाचा सांगाडा, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणायचे. बाईंनी दार उघडून त्याला हाक मारली. त्यानं म्हाताऱ्याला काखेत हात घालून उठवलं, मुलीला कडेवर घेतलं आणि दोघांना केबिनमध्ये आणलं. बाईंनी आतून कडी घातली, ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली, आणि पोलिसांना फोन केला.

पैलवान दाराशी पाठ लावून उभा होता. त्याची नजर वर होत नव्हती. "ताई," तो म्हणाला, "एक मीपण ठेवून दिली याला. सगळे मारत होते… तुम्ही सांगितलं होतं ना."

बाईंनी मान हलवली. त्यांनी रुमाल ओला करून म्हाताऱ्याच्या ओठावरचं रक्त पुसायला घेतलं. त्याचा एक डोळा सुजून मिटत चालला होता. मुलगी खुर्चीखाली जाऊन बसली होती आणि बाईंनी पाण्याचा पेला पुढं केला तरी बाहेर येईना.

"पाणी पी बाळ," बाई म्हणाल्या. तो आवाज ऐकल्याबरोबर मुलीनं दोन्ही कानांवर हात दाबून धरले.

बाहेर गाड्या सुटत नाहीत म्हणून आरडाओरडा सुरू झाला होता. कुणीतरी खिडकी बडवत होतं. "ओ बाई! कुठंय गाडी? फसवता काय लोकांना?" बाई दचकून माईकपासून मागं सरकल्या. आता हे लोक आपल्यासाठी येणार, असं त्यांना वाटलं. काच एकाच धक्क्यात फुटेल एवढी पातळ होती.

म्हातारा मात्र हळूहळू श्वासावर आला. त्यानं खुर्चीखाली हात घालून नातीचा पाय धरून ठेवला, ती आहे ना याची खात्री करायला. "हिच्या आईला दवाखान्यात ठेवलंय," तो म्हणाला. "ऑपरेशन आहे उद्या. तिला भेटवायला नेतोय हिला. सकाळपासून आईच्या नावानं रडतेय पोर."

"हो का," बाई म्हणाल्या.

"तुमच्या स्पीकरवर ते सांगितलं ना, त्या चोराचं, तेव्हा माझ्या काळजात धस्सच झालं. हिला उचलून घट्ट धरली आणि चारी बाजूंना बघायला लागलो, कोण तो निळ्या पिशवीवाला. एकेकाच्या हाताकडं बघत होतो. माझ्याच हातात निळी पिशवी आहे, हे ध्यानातच आलं नाही हो. चोराच्या पिशवीचं सांगतायत, आपल्या पिशवीशी काय संबंध?" त्यानं सुजलेला डोळा पुसला. "मी असा बघत सुटलो म्हणूनच लोकांना संशय आला असेल. त्यांचीपण चूक नाही. सगळ्यांना आपापली पोरं असतात."

बाईंना तिथं बसवेना. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सापडला का पण तो?" म्हाताऱ्यानं विचारलं. "खरा चोर? आम्हाला अजून पुढच्या गाडीनं जायचंय. हिला घेऊन निघायचं म्हणजे जीव मुठीत धरून जायचं."

बाईंनी ओला रुमाल बाजूला ठेवला आणि त्या त्याच्यासमोर खाली फरशीवर बसल्या.

"आजोबा, असा कुणी नाहीच आहे. स्पीकरवर बोलणारी ती बाई मीच. निळी पिशवी मीच माझ्या मनानं बोलले. ना चोर आहे, ना टोळी आहे. माझ्या हातून चूक झाली, तुमच्या जिवावर बेतली. हात जोडते तुमच्यापुढं."

म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला. बाईंचा आवाज पुन्हा कापत होता आणि त्या तो थांबवू शकत नव्हत्या. त्यानं एकदा कडी घातलेल्या दाराकडे पाहिलं, दाराशी उभ्या असलेल्या पैलवानाकडे पाहिलं. नातीला खुर्चीखालून ओढून कुशीत घेतलं. मग बाईंच्या अगदी जवळ तोंड आणून, पैलवानाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, त्यानं फार कळवळून विचारलं,

"ताई, खरं सांगा. असं बोलायला कुणी भाग पाडलंय तुम्हाला?"